जुन्या मोटारीच्या दाराच्या काचा आणि पट्ट्या जुळवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. काचेभोवती चौकट असलेल्या, पुढे त्रिकोणी काच असलेल्या एका जुन्या दोन दारी मोटारीला नवा रंग दिल्यावर दारे परत जोडली. रबरे नवी आहेत, काच ज्या खोबणींतून सरकते त्यांतले नमदे, म्हणजे लोकरी अस्तराच्या पट्ट्या, नवे आहेत. आता काच तीन-चतुर्थांश वर आली की अडकते. जोर लावून पूर्ण वर नेली, तरी मागच्या वरच्या कोपऱ्यात फट राहते. दार आपटल्याखेरीज लागत नाही आणि दारावरची चकचकीत पट्टी मडगार्डावरच्या पट्टीपेक्षा ३ मिलिमीटर खाली दिसते. यातले आधी काय हातात घ्यावे?

या चारही तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या, तरी त्यांचा उलगडा एकाच क्रमाने होतो. गाडीच्या या भागात न हलणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात : पुढच्या काचेचा खांब, छताची कड आणि मागचा वेल्ड केलेला पत्रा. दार त्यांच्याशी जुळते, काच दाराशी जुळते, आणि पट्ट्या सर्वांत शेवटी शेजारच्या पत्र्याशी जुळतात. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी काच नीट केली आणि मग बिजागरीला हात लावला, तर काचेवर घालवलेला सगळा वेळ पुन्हा घालवावा लागतो. म्हणून काच अडकते आहे म्हणून लगेच दाराचे आतले आवरण उघडू नका.

पहिली तपासणी पट्टीची करा, कारण ती दाराविषयीच काही सांगते. मडगार्डापासून दारावर आणि तिथून मागे जाणारी पत्र्यातली घडी, म्हणजे गाडीच्या अंगावरची लांब रेघ, जिथे दार आणि मडगार्ड भेटतात तिथे नीट पाहा. घडीसुद्धा दारावर ३ मिलिमीटर खाली असेल, तर पट्टीचा काही दोष नाही. अख्खे दार खाली बसले आहे. घडी बरोबर जुळत असेल आणि फक्त पट्टी खाली असेल, तर दोष पट्टीच्या क्लिपांत किंवा भोकांत आहे. तिसरी शक्यता अशी की पुढच्या कडेला घडी जुळते, पण मागच्या कडेला दार खाली गेलेले आहे. याचा अर्थ दार बिजागऱ्यांवर लोंबले आहे. या तीन स्थितींचे उपाय अगदी वेगळे आहेत आणि कुठलाही पाना हातात घेण्याआधी त्या ओळखता येतात.

दार तपासताना नवे रबर आणि खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे दाराचे कुलूप ज्याला पकडते तो तुकडा, दोन्ही काढून ठेवा. रबर दाराला बाहेर ढकलते आणि स्ट्रायकर त्याला वर उचलून धरतो. ही दोन्ही जागेवर असेपर्यंत बिजागरी खरे काय करते आहे ते दिसतच नाही. मग दार अर्धे उघडून मागच्या टोकाला दोन्ही हातांनी हळूच वर उचला. बिजागरीत खटखट जाणवली, तर आधी पिना आणि त्यांच्या पितळी बुशी बदला. दार १ मीटर लांब असेल आणि दोन बिजागऱ्यांमध्ये ३५ सेंटिमीटर अंतर असेल, तर बिजागरीतली अर्ध्या मिलिमीटरची झीज मागच्या कडेला जवळपास दीड मिलिमीटरची घसरण होऊन दिसते. झिजलेल्या पिनांवर केलेली जुळवणी आठवडाभरही टिकत नाही.

पिना घट्ट असतील, तर बिजागरीच्या बोल्टांची भोके कोणत्या दिशेला लांबट आहेत ते पाहा. बऱ्याच गाड्यांत खांबाकडचे बोल्ट दाराला वर-खाली आणि पुढे-मागे हलवू देतात, तर दाराकडचे बोल्ट आत-बाहेर. पण काही गाड्यांत हे उलट असते, म्हणून ऐकीव माहितीपेक्षा भोकांवर विश्वास ठेवावा. बिजागरीभोवती पेन्सिलीने बारीक रेघ मारून घ्या, एका वेळी एकच बिजागरी ढिली करा आणि दाराखाली कापडाने मढवलेला जॅक लावून ठेवा. चहूबाजूंनी ४ ते ५ मिलिमीटरची सारखी फट मिळाली, तर जुन्या गाडीसाठी ते उत्तम काम आहे. इथे अनेकजण एक चूक करतात. रंगकाम झाल्यावर रिकामे, हलके दार फटी मोजून बसवतात आणि नंतर त्यात काच, रेग्युलेटर (हँडल फिरवले की काच वर-खाली करणारी यंत्रणा) आणि त्रिकोणी काचेची जड चौकट भरतात. त्या वजनाने दार मागे खाली येते. म्हणून शेवटची जुळवणी आतले सगळे वजन दारात असतानाच करावी. निदान काच आणि रेग्युलेटर तरी आत हवेत.

फटी बसल्यावर स्ट्रायकर लावा. त्याचे काम दार पकडून ठेवण्याचे आहे, उचलण्याचे नाही. दार लागताना शेवटच्या क्षणी किंचित वर चढत असेल, तर बिजागरीचा दोष स्ट्रायकरवर ढकलला गेला आहे असे समजा.

आता रबर. नवे रबर लावल्यावर दार आपटावे लागणे हे काही प्रमाणात स्वाभाविक आहे. दार पूर्ण लावून काही दिवस ठेवले की रबर दबते आणि काम सोपे होते. पण आठवड्यानंतरही तेच असेल, तर रबराचा छेद, म्हणजे आडवे कापल्यावर दिसणारा आकार, चुकीचा आहे. मूळ रबर स्पंजासारखे आणि आतून पोकळ असेल आणि नवे भरीव आले असेल, तर स्ट्रायकर बाहेर सरकवून दार बळेच लावण्यात अर्थ नाही, कारण मग दार पत्र्याच्या रेषेबाहेर उभे राहते. योग्य छेदाचे रबर आणणे हाच उपाय आहे. रबर कुठे जास्त दबते आणि कुठे दबतच नाही हे पाहायला कागदाची पट्टी पुरते : ती मध्ये धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखा, थोडा विरोध जाणवला पाहिजे. एका जागी ती सहज निसटत असेल, तर तिथून वारा आणि पाणी येणार.

दार असे बसल्यावरच काचेकडे वळावे, आणि इथे विषय खरोखर सविस्तर होतो.

सुरुवात एका सूचनेने करतो, कारण यात बोटे जाऊ शकतात. पुष्कळ जुन्या रेग्युलेटरांत काचेचे वजन पेलण्यासाठी गुंडाळलेली मजबूत स्प्रिंग असते. काच जागेवर असते तेव्हा तिचा जोर काचेच्या वजनाने तोलला जातो. काच काढली की तो जोर मोकळा होतो, आणि रेग्युलेटरच्या दातेरी पात्याला अडवलेले नसेल, तर हात सापळ्यात सापडल्यासारखा सापडतो. रेग्युलेटर दारातून सोडवण्याआधी त्याचे दातेरी पाते आणि तळपट्टी यांना एकत्र पकड लावा, किंवा दोन्हीतून एक बोल्ट आरपार घाला.

दाराचे पोट आतून स्वच्छ करा, तळाची पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करा आणि रंगकामाचे वाळलेले थेंब खोबणींतून खरवडून काढा. खोबणीत गोठलेला रंग हे काच अडकण्याचे फार नेहमीचे कारण आहे आणि नवा नमदा त्याच्यावरच चिकटवला की ते दिसेनासे होते. नमद्याची जाडीही तपासा. जुन्या गाड्यांच्या बाजूच्या काचा साधारण ५ ते ६ मिलिमीटर जाडीच्या असतात. काचेच्या जाडीत नमद्याच्या दोन्ही बाजू धरून खोबण भरली पाहिजे, तिच्यात काच ठोकून बसवावी लागता कामा नये. काचेचा एखादा तुकडा खोबणीत घालून बोटाने सरकवून पाहा. तो बोटाच्या जोराने सरकला पाहिजे आणि सोडला की तिथेच थांबला पाहिजे.

काचेच्या खालच्या कडेला जी धातूची पन्हळ असते, तिच्यात काच रबराच्या पट्टीने पक्की बसते. जुनी काच काढण्याआधी काचेच्या पुढच्या कडेपासून पन्हळीच्या टोकापर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवायला हवे. ते राहून गेले असेल, तर दुसऱ्या दाराची काच उलट बाजूने पाहून मोजा. पन्हळ ५ मिलिमीटरने पुढे-मागे झाली, तर रेग्युलेटरचा उचलण्याचा बिंदू सरकतो आणि काच वर जाताना एका बाजूला कलते. तुमच्या दारात हे घडलेले असण्याची शक्यता मला बरीच वाटते. काच बसवताना पट्टीला साबणाचे पाणी लावा, काच उभी धरा आणि पन्हळीवर लाकडी ठोकळा ठेवून रबरी हातोड्याने टोकापासून टोकापर्यंत थोडे थोडे ठोका. काच कडक केलेली असेल, तर तिच्या कडेवर धातूचा एकही आघात होऊ देऊ नका. अशी काच मधोमध बराच मार सोसते, पण कडेला टवका उडाला की क्षणात चुरा होते. तिला कापणे किंवा घासून लहान करणेही शक्य नसते. मध्ये थर असलेली सपाट काच मात्र साच्यावरून कापून मिळते, म्हणून काच बदलायची झाल्यास ती कोणत्या जातीची आहे हे कोपऱ्यातल्या खुणेवरून आधी वाचावे.

तुमच्यासारख्या दारात बहुधा काच आधी पोटात तळाशी उतरवून मागे टेकवून ठेवावी लागते. मग त्रिकोणी काच तिच्या उभ्या दांड्यासह वरून आत सोडावी लागते, आणि त्यानंतरच काच पुढे आणून रेग्युलेटरला जोडता येते. वाऱ्यासाठी उघडणारी ही त्रिकोणी काच १९३३ साली जनरल मोटर्सच्या गाड्यांत आली आणि पुढची तीसेक वर्षे ती जवळपास सर्वत्र दिसत असे. जुळवणी करणाऱ्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे : तिचा उभा दांडा हीच मोठ्या काचेची पुढची खोबण असते. दांड्याचे वरचे टोक चौकटीत पक्के असते आणि खालचे टोक दाराच्या पोटात एका स्क्रूवर पुढे-मागे हलते. काच सुरळीत जाते की अडकते हे मुख्यतः त्या खालच्या टोकावर ठरते.

म्हणून एक मोजमाप अवश्य करा. काच खाली असताना पुढची खोबण आणि मागची खोबण यांच्या तळांमधले अंतर तीन ठिकाणी मोजा : चौकटीच्या वरच्या बाजूला, काच दारातून बाहेर येते त्या कडेला आणि दाराच्या पोटात जितके खाली हात जाईल तितके खाली. तिन्ही आकडे सारखे आले पाहिजेत आणि काचेच्या रुंदीपेक्षा साधारण ३ मिलिमीटर जास्त असले पाहिजेत. वरचा आकडा कमी असेल, तर नमदा जाड आहे किंवा चौकट वाकली आहे. खालचा आकडा वेगळा असेल, तर दांड्याचे खालचे टोक सरकवा. काच ठरावीक उंचीवरच अडकते, याचा अर्थ खोबणी एकमेकींना समांतर नाहीत किंवा काच त्या उंचीला कलून कोपऱ्यावर रुतते. अशा वेळी हँडलवर जोर लावल्याने फक्त रेग्युलेटरचे दाते झिजतात.

खोबणी समांतर झाल्यावर सगळे स्क्रू बोटाने आवळतील इतकेच घट्ट ठेवा. काच पूर्ण वर न्या आणि तिला चौकटीत आपणहून बसू द्या. आता वरच्या आणि मधल्या भागातले स्क्रू आवळा. मग काच तळापर्यंत खाली न्या आणि खालचे आवळा. ही दोन पावले वेगळी ठेवण्याचे कारण असे की वर असताना काच चौकटीचे ऐकते आणि खाली असताना दांड्याच्या खालच्या टोकाचे. एका वेळी दोघांना पक्के केले, तर चूक कुठे अडकली ते कळत नाही.

मागच्या वरच्या कोपऱ्यातली फट ही बहुधा काचेच्या कलाची खूण आहे. कात्रीसारख्या दोन बाहूंच्या रेग्युलेटरात एका बाहूचे टोक दाराच्या आतल्या पत्र्यावरच्या एका आडव्या पट्टीत फिरते, आणि ती पट्टी स्क्रू ढिले करून एका टोकाला वर-खाली करता येते. ती पट्टी किंचित फिरवली की अख्खी काच आपल्या पातळीत फिरते. त्यामुळे काच जवळजवळ वर असताना हे स्क्रू ढिले करा, काचेची वरची कड चौकटीशी समांतर होईपर्यंत तिला हाताने आधार देऊन फिरवा आणि मग आवळा. वरचा अडथळा, म्हणजे काच कुठे थांबावी हे ठरवणारा तुकडा, सर्वांत शेवटी लावा. अडथळ्याने कल सुधारण्याचा प्रयत्न केला, तर काच एका कोपऱ्याने आपटते आणि दुसरा कोपरा तसाच उघडा राहतो.

चौकट नसलेल्या दारांबाबत थोडे वेगळे सांगावे लागते, कारण हा लेख वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे तशी गाडी असू शकेल. १९४९ साली ब्यूक, कॅडिलॅक आणि ओल्डस्मोबाइल यांनी मधला खांब नसलेली, पक्क्या छताची मॉडेले आणली आणि तो आकार लोकप्रिय झाला. १९५७च्या इंपीरियलमध्ये बाजूची काच गोलाईची झाली. अशा दारात काचेला सावरायला वर काहीच नसते, त्यामुळे तिला आत-बाहेरचा कलही द्यावा लागतो. काच ज्या उभ्या मार्गांवर सरकते त्यांची खालची टोके बाहेर ढकलली की काचेची वरची कड आत येते, कारण काच मध्ये, दाराच्या कडेशी, टेकून झुकते. तिथे क्रम असा : आधी त्रिकोणी काच पुढच्या खांबाशी, मग दाराची काच तिच्याशी, आणि शेवटी मागची काच दाराच्या काचेशी. दार लावल्यावर काचेची वरची कड छताच्या रबरात २ ते ३ मिलिमीटर रुतली पाहिजे, त्याहून जास्त नाही. कापडी छताच्या गाडीत ही सगळी जुळवणी छत लावून, त्याचे खटके पक्के करूनच करावी.

काचेला दोन्ही बाजूंनी पुसणाऱ्या कडेच्या पट्ट्या लावताना बाहेरची पट्टी काचेला हलकेच टेकली पाहिजे. पट्टी धातूच्या पातळ पट्टीवर तारेच्या टाचण्यांनी बसवलेली असेल, तर टाचणीचे टोक काचेच्या बाजूला आलेले नाही याची बोट फिरवून खात्री करा. एका टोकाने काचेवर आडवी-उभी जी रेघ पडते ती पुढे जात नाही. ग्रीस फक्त रेग्युलेटरच्या दात्यांना आणि चाकांना लावा. नमद्याला कोरडा सिलिकॉनचा फवारा पुरे. नमद्यात ग्रीस गेले की धूळ धरते आणि ती धूळ काचेला घासकागदासारखी घासते.

आता पट्ट्या. पट्टी कशाची आहे हे आधी ओळखावे लागते. स्टेनलेस स्टीलची पट्टी ठोकून सरळ करता येते आणि चमकवताही येते. अॅनोडाइज केलेली अॅल्युमिनियमची पट्टी पॉलिशच्या चाकाखाली धरली, तर तिचा वरचा थर निघून जातो आणि ती कायमची मळकट होते. जस्ताच्या ओतीव भागांवर क्रोमखाली फोड आले असतील, तर घासून ते जात नाहीत. पट्टी आणि पत्रा वेगवेगळ्या धातूंचे असले आणि मध्ये ओल राहिली, तर गंज अधिक वेगाने धरतो. म्हणून प्रत्येक भोकाची उघडी कड रंगवून, त्यात मऊ सीलंट भरून मगच क्लिप लावावी.

नव्या रंगावर काम असल्यामुळे पट्टीच्या वर आणि खाली रंगाऱ्याची कागदी टेप लावा. पुढच्या मडगार्डापासून मागच्या पत्र्यापर्यंत एक दोरी ताणून धरा आणि पट्ट्या आधी नुसत्या टेपने लावून, दहा पावले मागे जाऊन, डोळे पट्टीच्या उंचीवर आणून पाहा. मोजपट्टी जे सांगत नाही ते इथे दिसते. पत्र्याच्या गोलाईमुळे मोजलेले सारखे अंतर कधीकधी डोळ्याला वाकडे दिसते आणि अशा वेळी मी डोळ्याचे ऐकतो. घडी जुळत असून पट्टी ३ मिलिमीटर खाली असेल, तर आधी क्लिपा तपासा. एकाच रुंदीच्या दिसणाऱ्या दोन जातींच्या क्लिपांत पट्टी वेगळ्या उंचीवर बसू शकते, आणि काही क्लिपा उलट्या बसवल्या तरी बसतात. भोकेच चुकली असतील, कारण दाराचा पत्रा कधीतरी बदलला गेला असेल, तर १ मिलिमीटरपर्यंत भोक बारीक कानशीने लांबट करता येते. ३ मिलिमीटरसाठी जुने भोक भरून नवे पाडणेच योग्य, आणि त्यासाठी थोडा रंग पुन्हा द्यावा लागेल हे मान्य करावे.

दाराच्या पट्टीचे पुढचे टोक ही धोक्याची जागा आहे. दार उघडताना त्याची पुढची कड मडगार्डाच्या आत वळते, त्यामुळे पट्टी पुढे १ मिलिमीटर जास्त असली, तरी ती मडगार्डाच्या पट्टीला घासते किंवा रंग उडवते. शेवटचे नट आवळण्याआधी दार अगदी सावकाश उघडून पाहा. टोकाचे नट बोटाने आवळून वर अर्धा फेरा पुरे. जास्त आवळले की पातळ पट्टीवर खळगा दिसतो.

पट्टीचे किंवा हँडलचे स्क्रू दाराच्या पोटात किती आत शिरतात, हे माझ्या लेखी या कामातले सर्वांत दुर्लक्षित प्रकरण आहे. अनेक वर्षांपूर्वी मी एका नुकत्याच रंगवलेल्या दाराचे बाहेरचे हँडल हाताशी असलेल्या, मूळपेक्षा ६ मिलिमीटर लांब स्क्रूने बसवले. काच वर होती तेव्हा काही कळले नाही. मालकाने ती पहिल्यांदा खाली नेली आणि तिचा चुरा दारात पडला. तेव्हापासून प्रत्येक स्क्रू आणि क्लिप लावल्यावर मी काच हाताने हळूहळू तळापर्यंत नेतो आणि परत आणतो, आणि जुने स्क्रू काढतानाच कागदावर त्यांच्या जागा लिहून टोचून ठेवतो.

दाराचे आतले आवरण चढवण्याआधी प्लास्टिकचा ओलावा रोखणारा पडदा लावा आणि त्याची खालची कड दाराच्या पोटात आत वळवा. काचेवरून पाणी दारात उतरणारच, तसे ते उतरावे अशीच रचना असते. ते खाली भोकांतून बाहेर पडले पाहिजे, आवरणात मुरता कामा नये. शेवटी नळीने पाणी मारा, पण जोराने नाही, आणि खालून सुरुवात करून हळूहळू वर जा, म्हणजे पाणी कुठे शिरते ती जागा नेमकी सापडते. एकजण आत कोरडा कागद घेऊन बसलेला असावा. महिनाभर गाडी चालवल्यावर बिजागरीचे बोल्ट, उभ्या दांड्याचा खालचा स्क्रू आणि रेग्युलेटरची आडवी पट्टी पुन्हा एकदा तपासा. नवे रबर आणि नवा नमदा तोवर दबलेला असतो आणि काचेला एखादा मिलिमीटर नव्याने द्यावा लागतो.